उन्हाआधीची यादी

शैलजा दत्तात्रय विधाते यांचे डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नाशिक रोड येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष उत्पादक संघाचा संगणक विभाग त्या अकरा वर्षे सांभाळत होत्या. त्यांच्यामागे पती आणि एक मुलगी आहे. मी त्यांचा धाकटा दीर.

बातमी फोनवर आली. थोरला भाऊ मुळात कमी बोलणारा. "शैला गेली. तू ये," एवढेच म्हणाला आणि फोन ठेवला. घरी पोहोचलो तेव्हा कॉलनीतली मंडळी जमली होती. दुपारपर्यंत दिंडोरीहून दोन टेम्पो भरून माणसे आली. बागांमध्ये कामाचे दिवस होते; काही जण फवारणी अर्धी टाकून, कपडेही न बदलता निघाले होते. दाराबाहेर चपलांची रांग लागली, ती जिन्याच्या वळणापर्यंत गेली. हा तपशील लिहिण्याला कारण आहे. घरात पाहुणे आले की वहिनी आधी दाराशी जाऊन चपलांचे जोड मोजत आणि मगच कणीक मळायला घेत. आमच्या आईला याचा राग यायचा. दहा-बारा असतील, घे मळायला, असे ती म्हणायची. "मोजून येते ना आई, दोन मिनिटं," असे म्हणून वहिनी जायच्याच. आणि आईने बारा म्हटले तर जोड हमखास सतरा निघायचे.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात निधनाची चार ओळींची बातमी आली. अमुक यांच्या पत्नी, तमुक यांच्या स्नुषा, अंत्यसंस्कार झाले, मागे परिवार आहे. बातमीत चूक काही नव्हती. त्या चार ओळींत त्यांचे काम मात्र आले नव्हते. ते येथे नोंदवतो आहे. जे स्वतः पाहिले किंवा ज्यांच्यासमोर घडले त्यांच्याकडून पडताळून घेतले, तेवढेच लिहितो.

वहिनींचे माहेर मखमलाबादचे. वडिलांचा, म्हणजे नानांचा, गुलाब आणि झेंडूचा मळा. गावातल्या फूलवाल्यांचा माल एकाच टेम्पोवाल्याकडून बाजारात जायचा आणि तो टेम्पोवाला आदल्या दुपारीच प्रत्येकाला विचारत फिरायचा, की उद्या किती पाट्या? त्या आकड्यावरून तो ज्याच्या-त्याच्यासाठी गाडी ठरवायचा. माल थोडा असेल तर तीनचाकी, जास्त असेल तर मोठा टेम्पो. कुणी काहीच सांगितले नाही तर त्याची एक पाटी धरायची, असा त्याचा नियम होता. बहुतेक लोक मळ्यात न जाताच आकडा सांगत. कालच्याएवढ्याच, म्हणत. नाना सांगत नसत. तोडा झाल्यावर सांगतो, हे त्यांचे ठरलेले उत्तर. टेम्पोवाला कुरकुरायचा. पण सणाच्या तोंडावर तीनचाकीच्या फेऱ्यांवर फेऱ्या होऊन दुसऱ्यांचा झेंडू बांधावर सुकायचा, तेव्हा नानांचा माल मात्र एका खेपेत बाजारात पोहोचलेला असे. हे सगळे वहिनींनी लहानपणापासून पाहिले होते. या टेम्पोचा पुढे उल्लेख येईल आणि त्याबद्दल पसरलेला एक गैरसमजही दुरुस्त करावा लागेल.

गणित घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि ऐंशीचे दशक संपता संपता लग्न होऊन नाशिक रोडला आल्या. भाऊ नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होता; क्वार्टरची दोन खोल्यांची जागा. मुलगी बालवाडीत जाऊ लागली तशी वहिनींनी कॉलेज रोडला संगणकाचा वर्ग लावला. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. वर्गात एसी होता आणि बूट-चपला बाहेर काढाव्या लागत. घरी आल्या की सांगायच्या, आमच्या वर्गात देवळासारखं आहे, फक्त प्रसाद नाही. अभ्यासक्रम संपला तेव्हा त्याच वर्गात शिकवायला लागल्या. शिकवणे चांगले होते, पण त्यांना ते पुरेना. "तीच तीच विद्यार्थ्यांची यादी, तेच तेच पगारपत्रक. खोटी माणसं, खोटे पगार. मला खरं काहीतरी पाहिजे," असे त्या म्हणत. दिंडोरीच्या संघाने संगणक घेतला आणि तो चालवायला माणूस शोधतो आहे, हे कळताच त्यांनी अर्ज केला. मुलाखतीत विचारले गेले, की बाई, रोज नाशिक रोडवरून येणार कशा? मोपेडवर, असे उत्तर दिले आणि पुढची अकरा वर्षे त्या द्वारका चौक ओलांडून, पंचवटीतून, दिंडोरी रोडने मोपेडवरच गेल्या.

त्या कामावर रुजू झाल्या तेव्हा संघात काढणी कशी ठरत होती, हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागा एकदम तयार होतात. मजुरांच्या टोळ्या मर्यादित, माल निवडून खोक्यांत भरायच्या पॅकहाऊसची क्षमता मर्यादित. मणी गार असताना, ऊन चढायच्या आत माल तोडायचा असतो. तेव्हा आज कुणाची बाग तोडायची, हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. आधी तो फोनवर सुटायचा. ज्याचा सुपरवायझरला फोन जाईल, ज्याचा भाऊबंद संचालक असेल, त्याच्याकडे टोळी आधी जायची. बाकीचे थांबायचे. थांबलेला माल वेलीवरच मऊ पडायचा, मग तो निर्यातीतून बाद होऊन गावच्या बाजारात जायचा.

वहिनींनी पहिल्याच हंगामात यादी सुरू केली. प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख, फवारण्यांची नोंद आणि आदल्या संध्याकाळी मोजलेली मण्यांची गोडी, हे सगळे एकत्र जुळवून संगणक पहाटे क्रम लावायचा. ज्याची गोडी भरली आणि शेवटच्या फवारणीनंतरचे दिवस पूर्ण झाले, त्याचे नाव वर. यादी छापून दाराबाहेरच्या फळ्यावर लागायची. सिंधूबाई गांगुर्डे या एकटीने छोटी बाग करणाऱ्या सभासद. पहिल्या वर्षी त्यांचे नाव पहिल्या पाचांत आले आणि संघाच्या अध्यक्षांच्या पुतण्याचे बरेच खाली गेले. सिंधूबाईंना वाचता येत होते, तरी त्यांनी आत येऊन वहिनींकडून खात्री करून घेतली. "माझंच हाय ना ताई? का दुसरी कोन सिंधू?" वहिनींनी प्लॉटचा नंबर वाचून दाखवला. तेव्हापासून हंगामात सिंधूबाई रोज सकाळी फळ्यापाशी येऊन उभ्या राहत, स्वतःचे नाव असो वा नसो. यादी रोज लागते ना, हे पाहायला येत असाव्यात.

वहिनींना या यादीचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. लग्नकार्यात कुणी विचारले, की तुम्ही काय ऑपरेटर का, तर सांगायच्या, "नाही, दिंडोरीची द्राक्षं कुठल्या दिवशी निघतात ते मी ठरवते." भाऊ अशा वेळी जरा बाजूला सरकायचा.

पाच-सहा वर्षे यादी वेळेवर लागत होती. मग सभासद वाढले, आसपासची गावे संघात आली, आणि यादीला उशीर होऊ लागला. आधी चहाच्या वेळेपर्यंत रेंगाळली. पुढच्या हंगामात तर ऊन चढून गेले तरी यंत्र घरघरतच राही. टोळ्या पॅकहाऊसच्या आवारात बसून राहायच्या. मजुरांचा दिवस वाया जायचा. सुपरवायझरने मग निरुपाय म्हणून पुन्हा फोन घ्यायला सुरुवात केली आणि ज्यांचे फोन यायचे ते तेच जुने लोक होते. एका पंधरवड्यात सिंधूबाईंची बाग तयार होऊन तीनदा मागे पडली. यादीत त्यांचे नाव वरच होते. यादी फळ्यावर लागेपर्यंत टोळी दुसरीकडे गेलेली असायची.

पुण्याच्या ज्या कंपनीकडून यंत्र घेतले होते, तिचे साठे नावाचे इंजिनीअर येऊन पाहून गेले. त्यांचे मत स्पष्ट होते. नोंदी वाढल्या, यंत्र लहान पडते, मोठा सर्व्हर घ्या. त्यांनी कोटेशनही दिले. संचालक मंडळाने ते वाचून बाजूला ठेवले. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी वहिनींना बोलावून घेतले. या भेटीचा वृत्तान्त वहिनींनी घरी सांगितला होता आणि नंतर अण्णांनीही त्याला दुजोरा दिला.

"बाई, तुमची यादी खोटी हाय असं मी म्हनत नाय. पन ऊन काय आपल्या यादीसाठी थांबत नाय ना."

वहिनींनी थोडा अवधी मागितला.

"सोमवारी मीटिंग हाय. तवर बघा. नायतर या वर्षापुरती यादी बंद. फोनवर चालू द्या."

या वर्षापुरती, याचा अर्थ वहिनींना नीट कळत होता. एकदा फोनवर गेलेली काढणी परत फळ्यावर येणार नव्हती. पुतण्याची बाग त्या वर्षी वाढली होती, ही गोष्टही सगळ्यांना माहीत होती. अण्णांवर आरोप करावा असे यात काही नाही. यादीला उशीर होत होता, हे खरेच होते.

वहिनींना कोडे वेगळेच पडले होते. रोज पहाटे जो प्रोग्रॅम तासन्‌तास चालायचा, तोच त्यांनी दुपारी तुकड्या-तुकड्याने हाताने चालवून पाहिला, तर चहा थंड व्हायच्या आत यादी तयार. यंत्र तेच, नोंदी त्याच. सगळे सलग चालवले की मात्र पुन्हा घरघर. साठ्यांनाही त्यांनी फोनवर हे सांगितले. यंत्र लहान असते तर ते तुकड्यांनाही लहानच पडायला हवे होते.

येथे थोडे समजावून सांगावे लागेल. संगणकाला मोठा प्रश्न विचारला की तो लगेच शोधायला लागत नाही. आधी मार्ग ठरवतो. कुठल्या तक्त्यात किती नोंदी आहेत याची मोजदाद त्याच्यापाशी असते, तिच्यावरून तो हा मार्ग निवडतो. नोंदी मोजक्या असतील तर एकेक हातात घेऊन तिची जोडी दुसऱ्या तक्त्यात शोधून येतो. ढीगभर असतील तर दोन्ही तक्ते क्रमाने लावून एका फेरीत जुळवतो. कायमच्या तक्त्यांची मोजदाद त्याला ठाऊक असते. पण संघात रोज संध्याकाळी जे नमुने यायचे, ते एका तात्पुरत्या तक्त्यात भरले जायचे आणि यादी झाली की तो तक्ता पुसला जायचा. त्याची मोजदाद रोज नव्याने करावी लागे. ती करण्याची आज्ञा वहिनींनी प्रोग्रॅममध्ये घातलेली होती. विसरल्या नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी त्यांनी यंत्राने ठरवलेला मार्ग, ज्याला या कामात प्लॅन म्हणतात, तो कागदावर छापून घेतला आणि ओळीने वाचला. यंत्र काय करणार, कुठून सुरुवात करणार, प्रत्येक पायरीला किती नोंदी हाती लागतील अशी त्याची अपेक्षा आहे, हे त्यात लिहिलेले असते. तात्पुरत्या तक्त्यासमोर अपेक्षा होती, एक. प्रत्यक्षात त्या तक्त्यात शेकड्यांनी नमुने होते. एकच नोंद आहे असे समजून यंत्राने एकेक उचलून जोडी शोधायचा मार्ग धरला होता आणि शेकडो नोंदींसाठी फवारणीचा अख्खा तक्ता पुन्हा पुन्हा पालथा घालत होते. हे कळल्यावर त्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला गेल्या. सगळी तयारी वर, नीटनेटकी, एकाखाली एक लिहिलेली होती. तक्ता तयार करा. तक्ता मोजा. मग नमुने भरा. मग यादी काढा. मोजणी भरण्याच्या आधी होती, आणि मोजताना तक्ता रिकामा दिसला की यंत्र एक नोंद धरून चालते. हाताने चालवताना मात्र त्या स्वाभाविकपणे आधी भरत आणि भरलेले मोजत. त्यामुळे तुकड्यांत काम झटपट व्हायचे. नीटनेटकेपणासाठी वर नेलेली एक ओळ, एवढाच तो दोष होता. ओळ त्यांचीच होती.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी हे आम्हाला सांगितले. मला समजेना, तेव्हा माझ्याच धंद्यातला, वृत्तपत्रातला दाखला दिला.

"भावजी, निवडणुकीला तुम्ही मोजणीच्या आधी पान लावून ठेवता की नाही?"

लावतो, पण मथळा कोरा ठेवतो, असे मी म्हणालो.

"मी कोरा ठेवला नाही. मतपेट्या उघडायच्या आत मथळा लिहिला आणि वर रोज तोच छापत बसले."

भाऊ तोवर वरण-भात कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे चपला मोजायच्या आधी कणीक मळली."

वहिनी म्हणाल्या, "पंधरा वर्षांत एकदा तरी लक्ष होतं म्हणायचं."

शनिवारी पहाटे बदललेला प्रोग्रॅम चालला आणि यादीला पुन्हा तेवढाच उशीर झाला. हा भाग वहिनी स्वतः नेहमी सांगत, कारण पुढचे श्रेय त्यांचे नव्हते. मोजणी आता योग्य जागी होती, पण यंत्राने एकदा ठरवलेला मार्ग जपून ठेवला होता आणि तोच पुन्हा वापरला होता. हे साठ्यांनी फोनवर ओळखले. रोज नव्याने मार्ग ठरव, असे यंत्राला सांगणारी एक ओळ त्यांनी सुचवली. वहिनींनी ती घातली. "मॅडम, कोटेशन मागे घेतो. पण पुढच्या वर्षी मशीन लागणार, हे लिहून ठेवा," असे साठे म्हणाले. तेही खरे ठरले. पुढच्या वर्षी संघाने मोठे यंत्र घेतले.

रविवारी पहाटे यादी निघाली तेव्हा बाहेर अजून अंधुक होते. ती एवढ्या लवकर आली की छापील कागद फळ्यावर लावायला शिपाई हजर नव्हता. वहिनींनी स्वतः टाचण्या लावल्या. सिंधूबाई नेहमीप्रमाणे आल्या, यादी पाहिली आणि टोळी कुठे आहे ते विचारले. टोळी आवारातच होती. त्या दिवशी सिंधूबाईंची बाग ऊन चढायच्या आत तोडून झाली. ही गोष्ट सिंधूबाईंनी सांगितली आणि पॅकहाऊसमधल्या लोकांनाही ती आठवते.

त्याच दुपारी आम्ही सगळे मखमलाबादला होतो. वहिनींच्या भाच्याचे जावळ होते. पंगत बसायच्या आधी टेम्पोवाला दाराशी येऊन नानांना विचारून गेला, की उद्या किती पाट्या. नाना म्हणाले, तोडा झाल्यावर सांगतो. वहिनी हसत सुटल्या. ओट्यावर बसलेल्या बायकांना काही कळेना. त्यांनी मग तिथेच सगळी हकिकत सांगितली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये संचालकांपुढे बोलताना त्यांनी हाच टेम्पो वापरला. मीटिंगला हजर असलेल्या तिघांकडून मी तो प्रसंग ऐकला आहे आणि तिघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही. सुरुवातीला वहिनी तक्ता, मोजदाद, मार्ग असे सांगू लागल्या, तेव्हा एक संचालक घड्याळाकडे पाहू लागले. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, की आमच्या गावात एक टेम्पोवाला आहे... फूलवाल्यांची ती सगळी पद्धत त्यांनी सांगितली. तीनचाकी, फेऱ्या, बांधावर सुकणारा झेंडू. अण्णांनी मध्येच हात वर केला.

"म्हंजे माल तोडायच्या आधी गाडी ठरली. अन् मंग एकेक पाटी नेत बसली."

"हो अण्णा. आणि गाडीवाला काही वेडा नव्हता. त्याला जे सांगितलं त्यावर त्यानं ठरवलं. सांगताना मी चुकले."

"मंग असं सांगायचं ना आधी. सर्व्हर-बिर्व्हर कशाला काढता."

"सर्व्हर साठ्यांनी काढला, अण्णा. मी टेम्पोच काढलाय."

संचालक हसले. एकाने विचारले, की उद्या परत उशीर झाला तर? वहिनींनी टेबलावर त्या दिवशी पहाटेची आणि आदल्या दिवशीची, अशा दोन्ही याद्या ठेवल्या. त्यावर निघाल्याची वेळ छापलेली होती. अण्णांनी दोन्ही कागद वाचले. पुतण्याचे नाव दोन्हीकडे खाली होते. ते त्यांनी पाहिलेच असणार, कारण कागद त्यांच्या हातात बराच वेळ होता. मग त्यांनी सांगितले, यादीवर चालू द्या. ठरावात तशी नोंद झाली. त्यानंतर अण्णा अध्यक्ष होते तोवर संघात काढणी फोनवर ठरल्याचे उदाहरण सापडत नाही.

आता गैरसमजाबद्दल. मीटिंगनंतर तालुक्यात अशी गोष्ट पसरली की वडिलांच्या तोंडचे एक वाक्य ऐकून बाईंना संगणकाचा घोळ सापडला. गोष्ट ऐकायला छान होती, म्हणून ती टिकली. सत्कारांच्या भाषणांत आली, पुढे एका स्थानिक अंकातही छापून आली. अंत्यसंस्काराच्या दिवशीही दोघांनी ती मला सांगितली. ती खरी नाही. दोष शुक्रवारी सापडला होता, रविवारी पहाटे यादी वेळेवर निघाली होती आणि टेम्पोवाला त्यानंतर दुपारी दाराशी आला. मी तिथे होतो. वहिनींना या गोष्टीचा मनापासून राग होता. नानांवर त्यांचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. नानांच्या आजारपणात त्या रोज दिंडोरीहून परतताना मखमलाबादला वळण घेत. पण कुणी ही गोष्ट सांगायला लागले की त्या मध्येच तोडून म्हणत, "नानांनी टेम्पो शिकवला. प्लॅन मी वाचला." नानाही तसेच सांगत. आपली लेक शिकलेली आहे आणि तिने शिकून ते शोधले, याचा त्यांना अभिमान होता. आपण न केलेल्या कामाचे नाव त्यांना नको होते.

पुढच्या वर्षांत वहिनींकडे आसपासच्या संघांतली, बाजार समित्यांतली मुले विचारायला येऊ लागली. त्यांचे यंत्र हळू चालते, ही तक्रार. वहिनी आधी एकच गोष्ट विचारायच्या, की मार्ग छापून घेतला का? घेतला नसेल तर परत पाठवायच्या. "डॉक्टरकडे दुखरा पाय घरी ठेवून येता का," असे एकाला म्हणाल्या होत्या. तो आज पुण्यात याच कामावर आहे आणि हे वाक्य तो स्वतः सांगतो. शिकवताना त्या कडक होत्या. चूक दाखवली की मान्य करत, पण चूक नसताना मान्य केल्याचे मला आठवत नाही. यंत्राला दोष दिलेला त्यांना चालत नसे. त्याला कुणी सांगितलं का, हे त्यांचे वाक्य घरातही ऐकू यायचे. भाऊ भाजी विसरून आला तरी आधी स्वतःला विचारत, की मी सांगितलं होतं का.

शेवटच्या हिवाळ्यात त्या हंगामाची तयारी करत होत्या. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सगळ्या प्लॉटच्या छाटणीच्या तारखा तपासून घेतल्या. सोमवारी त्या मोपेडवर दिंडोरीला गेल्या, संध्याकाळी परत आल्या आणि मंगळवारी सकाळी चहा टाकताना कोसळल्या. रुग्णवाहिका येण्याआधी सगळे संपले होते.

जानेवारीअखेर, हंगामाच्या पहिल्या दिवशी, मी दिंडोरीला गेलो. विभागाचे काम आता कविता नावाची मुलगी पाहते. तिला वहिनींनी चार वर्षे शिकवले. तिने प्रोग्रॅम उघडून दाखवला. सुरुवातीला, आज्ञा सुरू होण्याआधी, वहिनींनी टीप म्हणून चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. यंत्र त्या वाचत नाही, माणसाने वाचायच्या असतात. आधी भरा. मग मोजा. मग विचारा. रोज नव्याने ठरवण्याची ओळ साठे, पुणे यांची. त्या ओळींना हात लावलेला नाही, असे कविता म्हणाली.

यादी उजाडायच्या आत छापून निघाली. कविताने ती फळ्यावर लावली. सिंधूबाई गांगुर्डे दाराशी उभ्या होत्या. त्यांचे नाव दुसरे होते. अण्णांच्या पुतण्याचे सतरावे. पहिली टोळी जीपमध्ये बसली आणि आवारातून बाहेर पडली, तेव्हा ऊन अजून शेडच्या पत्र्यावर आले नव्हते.